इंग्रजी टेन्स : 'गेले होते' म्हणजे 'हॅड गॉन' की 'वेंट'?

सुरंगी (देवबाग)
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागाच काढते. आमचं देवबागला खाडीच्या अंगाने होमस्टे आहे, जेवण घरचं. पूर्वी पाहुणे कोल्हापूर-पुण्याचे असायचे, आता बंगळूर, दिल्ली, मधूनच एखादा फॉरेनर पण येतो, त्यामुळे व्हॉट्सॲपवर रोज इंग्रजी लिहावं लागतं. बोलताना हातवारे करून निभावतं हो, लिहिताना पंचाईत होते. पुतणी सुट्टीला आलीय, तिने माझे मेसेज वाचले आणि ही वाक्यं चुकीची आहेत म्हणाली:

'आय हॅड गॉन टू मालवण मार्केट यस्टरडे.'
'शिवाजी महाराज हॅज बिल्ट सिंधुदुर्ग फोर्ट इन १६६४.'
'वी आर रनिंग धिस होमस्टे सिन्स टेन इयर्स.'
'ऑल रूम्स आर हॅविंग एसी.'
'व्हेन यू विल रीच कुडाळ, कॉल मी.'

का चुकीची ते विचारलं तर म्हणते "काकी ते ऐकायलाच कसंतरी वाटतं". आता हे काय उत्तर झालं? शाळेत तो बारा खणांचा तक्ता घोकलाय, आय गो पासून आय शॅल हॅव बीन गोइंग पर्यंत, आजही झोपेतून उठवलंत तर घडाघडा म्हणेन, पण कुठला खण कधी वापरायचा ते कोणी सांगितलंच नाही. जाणकारांनी सांगावं, आणि कृपया 'वाचन वाढवा' असं सांगू नका, वेळ नाही :)

कोकमकढी (कुडाळ)
शेवटचां वाक्य माझांच आसा गे बाय, मी पण रिक्षाच्या गिऱ्हाईकांक असांच लिवतंय आणि लोक फोन करतत की वेळेर. वाचतंय.

खडूफळा (राजापूर)
सुरंगीताई, प्रश्न छान. आयुष्यभर हेच शिकवलं त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी तो तक्ता बाजूला ठेवा. बारा काळ म्हणजे तीन गुणिले चार एवढंच, वर्तमान-भूत-भविष्य आणि प्रत्येकाचे साधा, चालू, पूर्ण, चालू-पूर्ण असे चार प्रकार. खरं म्हणजे इंग्रजी क्रियापदाला काळाची स्वतःची रूपं दोनच, गो आणि वेंट. भविष्याला तर रूपच नाही, विल लावून भागवतात. बाकी सगळा डोलारा हॅव, बी, विल या सहाय्यक क्रियापदांवर उभा आहे, आणि आपल्याकडची गडबड तिथेच होते कारण आपण मराठीतल्या आहे-होते च्या जागी हॅव-हॅड ठेवून मोकळे होतो.

पहिलं वाक्य घ्या. मराठीत 'मी काल मालवणला गेले होते' हे एकटं वाक्य पुरेसं आहे. 'होते' लावलं की ऐकणाऱ्याला कळतं की जाऊन आली, विषय संपला. इंग्रजीतलं हॅड असं एकटं उभं राहत नाही. त्याला भूतकाळातली दुसरी एखादी गोष्ट लागते जिच्या आधी हे घडलं. दुसरी गोष्टच नसेल तर ऐकणारा वाट बघत बसतो की बरं, मग पुढे काय झालं? म्हणून तिथे साधं 'आय वेंट टू मालवण मार्केट यस्टरडे'.

हॅड कुठे हवं ते मालवण जेट्टीवर बघा. 'व्हेन वी रीच्ड द जेट्टी, द बोट लेफ्ट' म्हणजे आपण पोचलो आणि मग होडी सुटली, कदाचित आपल्यालाच घेऊन. 'व्हेन वी रीच्ड द जेट्टी, द बोट हॅड लेफ्ट' म्हणजे होडी आधीच गेली, आता पुढचीची वाट बघा. एका हॅडने किल्ला बघायला मिळाला की नाही ते ठरलं. बिफोर-आफ्टर असे शब्द वाक्यात असले तर क्रम तसाही कळतो, मग हॅड नाही घातलं तरी चालतं, 'आफ्टर द बोट लेफ्ट, वी हॅड टी' अगदी बरोबर. (इथलं दुसरं हॅड म्हणजे घेतला, प्यालो. ते वेगळं.)

सुरंगी
मास्तर हे आत्ता डोक्यात शिरलं. म्हणजे मी आजपर्यंत पाहुण्यांना अर्ध्यावर लटकवत होते :) आता महाराजांचं सांगा. किल्ला तर अजून उभा आहे ना, मग हॅज का नको?

थिबापॉइंट (रत्नागिरी)
मास्तरांच्या आधी मी घुसतो कारण याचं उदाहरण आमच्या गावात आहे.

किल्ला उभा आहे पण बांधायचं काम १६६४ मध्ये सुरू होऊन १६६७ मध्ये संपलं. इंग्रजीत प्रेझेंट परफेक्ट (हॅव-हॅज लावून होणारा पूर्ण वर्तमानकाळ) वापरलं की ती वेळ आजला जोडलेली असावी लागते, आणि साल, यस्टरडे, लास्ट वीक, टू डेज अगो असा संपलेल्या वेळेचा पत्ता दिलात की परफेक्ट बाद, मग साधा भूतकाळच. म्हणून 'शिवाजी महाराज बिल्ट द फोर्ट' नाहीतर 'द फोर्ट वॉज बिल्ट बिटवीन १६६४ ॲंड १६६७'. पण किल्ल्याबद्दल बोलायचं तर 'द फोर्ट हॅज स्टुड हिअर फॉर मोअर दॅन ३५० इयर्स' एकदम झकास, कारण उभा राहिला तो अजून उभाच आहे.

आता थिबा. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१६ साली तो इथेच वारला. साधारण तीस वर्षं. शाळेत शिकवतात की फॉर आलं की हॅव आलंच, म्हणून मागे एक कॉलेजचा पोरगा राजवाड्यावर पर्यटकांना सांगत होता 'किंग थिबा हॅज लिव्हड इन रत्नागिरी फॉर थर्टी इयर्स'. त्या गोऱ्या बाईने आजूबाजूला बघितलं :D हॅज लिव्हड म्हणजे अजून राहतोय! 'लिव्हड इन रत्नागिरी फॉर थर्टी इयर्स' म्हटलं की राहिला आणि संपलं. फॉर दोन्हीकडे चालतं, काळ फॉर ठरवत नाही, माणूस अजून तिथे आहे की नाही ते ठरवतं.

तसंच 'टिळक वॉज बॉर्न इन रत्नागिरी इन १८५६'. हॅज बीन बॉर्न नाही, इज बॉर्न तर नाहीच, मी दोन्ही फलकांवर वाचलंय.

जांभा_चिरा (लांजा)
एवढा कीस कशाला पाडताय? पाहुण्याला कळतंय, खोली बुक होतेय, पैसे येतायत, झालं की. अमेरिकन लोक स्वतः 'आय जस्ट एट' म्हणतात, ब्रिटिश म्हणतात 'आय हॅव जस्ट ईटन', त्यांच्यात्यांच्यात एकमत नाही आणि आपण इथे देवबागला बसून परफेक्ट होणार. आपलं इंग्रजी आपल्यासारखंच असणार. 'हॅविंग एसी' अख्खा देश म्हणतो.

खडूफळा
जांभासाहेब, अर्धं मान्य. जस्ट, ऑलरेडी, येट या शब्दांबरोबर अमेरिकेत साधा भूतकाळ सर्रास चालतो, त्यात चूक काही नाही. 'रूम्स आर हॅविंग एसी' वाचून कोणी उकाड्यात झोपायला येणार नाही हेही खरं. तिथे नियम एवढाच की हॅव म्हणजे जवळ असणं, नो म्हणजे माहीत असणं, अंडरस्टँड, लाइक, बिलाँग, ही सगळी स्थिती सांगणारी क्रियापदं, घडणारी कृती नाही, म्हणून त्यांना आयएनजी लावत नाहीत. 'ऑल रूम्स हॅव एसी'. हॅव म्हणजे जेवणं-पिणं असेल तर मात्र ती कृती, म्हणून 'द गेस्ट्स आर हॅविंग लंच' बरोबर. ही चूक माफ आहे.

पण सगळ्या चुका माफ नाहीत. थिबा मेला की जिवंत, होडी गेली की आहे, हे ज्या चुकीने बदलतं ती चूक माफ कशी करायची? सुरंगीताई, तुमच्याच कामातली एक जोडी देतो. पाहुण्याने विचारलं साहेब कुठे आहेत, तुम्ही लिहिलंत 'ही हॅज गॉन टू कुडाळ', म्हणजे गेलेत, आत्ता घरी नाहीत. 'ही हॅज बीन टू कुडाळ' म्हणजे जाऊन आलेत, त्यांनी कुडाळ बघितलंय. पहिल्यात पाहुणा बाहेर थांबेल, दुसऱ्यात दार वाजवेल.

दर्यावर्दी (हर्णै)
मर्चंट नेव्हीत आहे, सध्या घरी सुट्टीवर. जांभा यांचं 'कळतंय ना' हे जमिनीवर ठीक, बोटीवर याच 'कळतंय ना' ने माणसं मेलीत म्हणून आयएमओने (जहाजवाहतुकीची आंतरराष्ट्रीय संस्था) २००१ मध्ये एसएमसीपी नावाची ठरलेल्या इंग्रजी वाक्यांची यादीच काढली, त्याच्या आधी १९७७ ची एक जुनी शब्दावली होती. ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथे, पाच देशांची माणसं असतात, कोणाचंच इंग्रजी घरचं नाही. त्यामुळे वाक्याच्या आधी ते वाक्य कशासाठी आहे तेच सांगायचं, वॉर्निंग, इन्फर्मेशन, क्वेश्चन, इन्टेन्शन, असे आठ शब्द आहेत. मे, माइट, शुड, कुड हे गुळमुळीत शब्द टाळायचे. 'यू कुड बी रनिंग इन्टू डेंजर' असं म्हणायचं नाही, 'वॉर्निंग. यू आर रनिंग इन्टू डेंजर.' बस. आणि पुढे काय करणार ते 'इन्टेन्शन. आय विल रिड्यूस माय स्पीड.'

टेन्सचं म्हणाल तर वॉच (कामाची पाळी) बदलताना खरी परीक्षा असते. 'द पंप हॅज बीन रनिंग सिन्स ०४००' म्हणजे आत्ता चालू आहे, लक्ष ठेव. 'द पंप रॅन फ्रॉम ०४०० टू ०६००' म्हणजे बंद झाला. आणि आपल्याकडचा पोरगा सांगतो 'पंप इज रनिंग सिन्स ०४००', समोरचा युक्रेनियन समजून घेतो कारण त्याच्याही भाषेत तसंच म्हणतात. इंग्रज असला की एक भुवई वर.

जांभा_चिरा
पंपाचं पटलं. एसीचं मी बदलणार नाही.

अबोली (चिपळूण)
मी परदेशी नर्सिंगसाठी इंग्रजीची परीक्षा देतेय, या धाग्याचा फार उपयोग होतोय. सिन्स आणि फॉर नीट सांगाल का कोणी? आणि सुरंगीताईंच्या तिसऱ्या वाक्यात दोन चुका आहेत ना?

खडूफळा
हो बाय, दोन. आपलं 'पासून' दोन्ही कामं करतं, 'गणपतीपासून' पण आणि 'दहा वर्षांपासून' पण. इंग्रजीत ती कामं वाटलेली. सुरुवात कधी झाली तो क्षण सांगायचा तर सिन्स : सिन्स २०१५, सिन्स मंडे, सिन्स गणपती. किती काळ लोटला ते मोजून सांगायचं तर फॉर : फॉर टेन इयर्स, फॉर अ लाँग टाइम. ही झाली पहिली.

दुसरी जास्त खोल आहे. आपण म्हणतो 'दहा वर्षं होमस्टे चालवतोय', क्रियापद वर्तमानाचं, कारण आजही चालवतोय. इंग्रजी म्हणतं तू मागे सुरू केलंस ना, मग मागचं आणि आत्ताचं दोन्ही दिसलं पाहिजे, म्हणून 'वी हॅव बीन रनिंग धिस होमस्टे फॉर टेन इयर्स'. नो, हॅव, बी असली क्रियापदं असतील तर बीन-आयएनजी नको, 'आय हॅव नोन हर सिन्स स्कूल', 'रत्नागिरी हापूस हॅज हॅड द जीआय टॅग सिन्स २०१८'.

आणखी एक खड्डा दाखवतो, यात चांगले चांगले पडतात. मराठीत 'पाहुणे कालच आलेत' म्हणता येतं, म्हणजे काल आले आणि अजून आहेत. 'काल' आणि 'आहेत' सुखाने नांदतात. इंग्रजीत यस्टरडे आणि हॅव यांचं पटत नाही. 'द गेस्ट्स हॅव कम यस्टरडे' लिहू नका. 'केम यस्टरडे' लिहा, किंवा 'हॅव बीन हिअर सिन्स यस्टरडे', जे तुम्हाला सांगायचंय त्याप्रमाणे.

अबोली
हे 'कालच आलेत' वालं मला कुठल्याच क्लासमध्ये सांगितलं नव्हतं! तिथे फक्त सूत्र देतात, सब्जेक्ट प्लस हॅव प्लस व्ही थ्री, आणि शंभर रिकाम्या जागा.

थिबापॉइंट
अबोली, बोलण्याच्या परीक्षेसाठी एक युक्ती. कोणी 'हॅव यू एव्हर सीन अ डॉल्फिन?' विचारलं तर दार परफेक्टने उघडतं, 'येस, आय हॅव'. पण पुढच्या वाक्यापासून तपशील आला की लगेच साध्या भूतकाळात उतरायचं, 'आय सॉ टू निअर देवबाग लास्ट वीक, दे वेअर स्विमिंग व्हेरी क्लोज टू अवर बोट'. आपली पोरं हॅव सीन, हॅव गॉन, हॅव टेकन करत पूर्ण गोष्ट परफेक्टमध्ये रेटतात. बातम्या ऐक, त्यातही हेच असतं, आधी 'द फिशिंग बॅन हॅज स्टार्टेड' आणि लगेच 'इट स्टार्टेड ऑन फर्स्ट जून ॲंड विल लास्ट टिल थर्टी-फर्स्ट जुलै'. आणि गोष्टीत मागे जे चाललेलं होतं त्याला वॉज-आयएनजी, मध्येच जे घडलं त्याला साधा. 'वी वेअर पुलिंग द नेट व्हेन द रोप ब्रोक.'

कोकमकढी
माज्या वाक्याचां काय झालां? गिऱ्हाईक येतंत, मी 'व्हेन यू विल रीच' लिवतंय. जाणार तो पुढे आसा मगे विल नको?

दर्यावर्दी
नको भाऊ. व्हेन, इफ, आफ्टर, बिफोर, अन्टिल, ॲज सून ॲज यांच्या पुढे वेळ किंवा अट सांगायची असेल तर विल घालत नाहीत, साधा वर्तमान. 'व्हेन यू रीच कुडाळ, कॉल मी. आय विल कम टू द स्टेशन.' विल एकदाच, ते पण मुख्य वाक्यात. विचित्र वाटतं खरं, पण आपण तर त्याहून पुढे आहोत, 'पाऊस आला तर होडी सुटणार नाही' मध्ये अजून न आलेल्या पावसाला आपण सरळ 'आला' म्हणतो. 'कुडाळला पोचलात की फोन करा', इथे पण पोचलात! म्हणून काहीजण त्याचं 'इफ द रेन केम' करतात आणि मग ते इंग्रजीत 'आला असता तर' सारखं, जरा अशक्य कोटीतलं वाटायला लागतं. 'इफ इट रेन्स, द बोट वोन्ट गो.' एवढं पुरे.

एक अपवाद. व्हेन प्रश्न विचारायला आलं की विल चालतं, 'व्हेन विल यू रीच?' आणि 'आय डोन्ट नो व्हेन द ट्रेन विल कम' पण बरोबर, कारण तिथे व्हेन म्हणजे 'कधी', 'जेव्हा' नाही.

कोकमकढी
'आय डोन्ट नो व्हेन द ट्रेन विल कम' ह्यां वाक्य पाठ करून ठेवतंय, पावसात लय लागतला.

तिकीट_वेटिंग (कणकवली)
गाडीचा विषय निघालाच तर भविष्यकाळाचं मीही लिहितो. वेळापत्रकात छापलेलं असेल तर साधा वर्तमान, 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट सेव्हन'. उद्याचं ठरलंय, तिकीट काढलंय तर चालू वर्तमान, 'आय ॲम लीव्हिंग टुमॉरो', हे आपल्या 'उद्या निघतोय' सारखंच. विल आणि गोइंग टू चा गोंधळ असेल तर 'जाईन' आणि 'जाणार आहे' आठवा. बेत आधीच केलेला असेल तर 'आय ॲम गोइंग टू पेंट द रूम्स आफ्टर दिवाळी', आणि पाहुणा म्हणाला पाणी संपलं तर त्याच क्षणी 'आय विल ब्रिंग सम'. 'आय ॲम गोइंग टू ब्रिंग' म्हटलंत तर तुम्ही आधीपासून ठरवून बसला होता असं होतं. बाकी डिड आलं की पुढे मूळ रूप, 'डिड यू वेंट' नाही 'डिड यू गो', हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत सगळेच विसरतात.

सुरंगी
किती छान चर्चा झाली. आता एक शेवटचं विचारते कारण आजच झालं. बोटवाल्याने मला सांगितलं, वारा आहे, मी आज येत नाही. मी पाहुण्यांना लिहिलं 'बोटमॅन सेड दॅट आय ॲम नॉट कमिंग टुडे' आणि त्यांचा उलट मेसेज, 'ओह, हू विल गिव्ह अस लंच देन?' पुतणी अर्धा तास हसतेय आणि सांगत काही नाही.

खडूफळा
अहो त्यांना वाटलं तुम्हीच येत नाही आहात! मराठीत 'तो म्हणाला की मी येत नाही' यातला 'मी' म्हणजे बोटवाला, कारण आपण 'की' लावून त्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो. इंग्रजीत अवतरणचिन्हं काढली आणि दॅट घातलं की सांगणारा तुम्ही, म्हणून 'मी' चा 'तो' होतो आणि सेड भूतकाळात असल्यामुळे पुढचं क्रियापदही एक पायरी मागे जातं. ॲम चं वॉज, विल चं वुड, हॅव चं हॅड. 'द बोटमॅन सेड ही वॉज नॉट कमिंग टुडे.' गोष्ट अजून खरी असेल तर 'ही इज नॉट कमिंग' पण चालतं, आजचा दिवस संपलेला नाही त्यामुळे तुमच्या मेसेजला दोन्ही बरोबर. पण सर्वनाम बदलायलाच हवं. आणि एवढंही नको असेल तर सेड ला सुट्टी द्या, 'नो बोट टुडे, टू मच विंड. लंच ॲट वन.'

सुरंगी
हेच पाठवलं. 'थँक गॉड' आलं उत्तर.